तिसऱ्या दिवसाचा घोट

पहिल्या दिवशी मी त्यांच्याच शेजारी बसून त्यांची वाट पाहत होते.

पूर्व उपनगरातलं एक सरकारी कार्यालय, तळमजल्यावर पाणी तक्रार विभाग. मी प्रोबेशनवर रुजू व्हायला आले होते आणि मला हेडक्लार्कना भेटायचं होतं. काचेच्या खिडकीमागची त्यांची खुर्ची रिकामी होती. बाहेर लोकांसाठी लाकडी बाक होता, त्यावर मला कोपऱ्यात जागा मिळाली. शेजारी पन्नाशी केव्हाच ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, हातात टोकन. हेडक्लार्क साहेब किती वाजता येतात, असं मी त्यांना विचारलं.

"येतील साडेदहाला," ते म्हणाले. "माझा नववा नंबर. तुमचा?"

साडेदहाला ते उठले, टोकन शिपायाच्या हातात दिलं, बाजूच्या दारातून आत गेले, रिकाम्या खुर्चीत बसले आणि काचेतून मला आत यायची खूण केली.

रोजचा पहिला अर्धा तास ते त्या बाकावर काढत. नियमात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बंदीही नव्हती, एवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. खिडकीपाशी लोक अर्जासारखं बोलतात आणि बाकावर घरच्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. खिडकीवर 'कमी दाबाने पाणीपुरवठा' असं लिहून देणारी बाई बाकावर सांगायची, की दोन हंडे भरले की नळ नुसती हवा फेकतो आणि पलीकडच्या चाळीत कुणीतरी नवा पंप बसवलाय. साडेदहाला ते आत येत तेव्हा दिवसभराच्या निम्म्या तक्रारींची कारणं त्यांच्याकडे जमा झालेली असत.

त्यांचं गाव मालवणकडे. वडील गिरणीत होते. बालपण भांडुपच्या चाळीत गेलं, आता मुलुंडला राहत. लोकांशी ते साधं मराठी बोलत. राग आला किंवा आनंद झाला की मालवणी बाहेर यायची. दोन्हींतला फरक नवख्याला कळत नसे. खिडकीवर आलेली प्रत्येक स्त्री त्यांच्यासाठी 'बाय' होती, मीही पहिल्या दिवसापासून 'बाय'. शेजारच्या टेबलावर रस्ते विभागाच्या गावडे मॅडम बसत. त्या एकट्याच 'मॅडम', कारण त्या त्यांचं ऐकत नसत.

त्यांच्या कापडी पिशवीत दोन वस्तू कायम असत. पहिली म्हणजे लाल कापडी पाठीची वही. विभागातल्या प्रत्येक चाळीत, गल्लीत, सोसायटीत पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे त्यात पेन्सिलने लिहिलेलं होतं. पेन्सिलने, कारण वेळा बदलत. कार्यालयाकडे छापील वेळापत्रक होतं, ते भिंतीवर लावलेलं असे. मी एकदा ते दाखवलं तर म्हणाले, "ते पाणी सोडायच्या वेळांचं. ही वही यायच्या वेळांची."

दुसरी वस्तू स्टीलचा पेला. त्यावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं. तक्रार मिटली असा निरोप अभियंत्यांकडून आला की ते लगेच बंद करत नसत. संध्याकाळी घरी जाताना किंवा पाण्याच्या वेळेला जेवणाची सुट्टी जोडून ते तक्रारदाराच्या नळावर जात, पेला भरत आणि एक घोट घेत. तोही पहिल्या दिवशी घेत नसत. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी पाणी पाहुण्यासारखं येतं, ते म्हणत, तिसऱ्या दिवशी आलं तर ते घरचं. तिसऱ्या दिवसाचा घोट झाला की मगच पोर्टलवर तक्रार बंद. प्रत्येक नळावर जाणं अर्थात शक्य नव्हतं. जिथे जाता येत नसे तिथे ते फोन करून तक्रारदारालाच घोट घ्यायला लावत आणि तो गिळेपर्यंत फोन कानाला धरून ठेवत.

मुलुंडच्या एका उंच इमारतीचे सेक्रेटरी या पद्धतीने फार अवघडले. त्यांनी थंड बाटली आणि काचेचा ग्लास पुढे केला. हे स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरच्या नळाखाली पेला धरून उभे राहिले. दुसऱ्या एका ठिकाणी गढूळ पाण्याची तक्रार होती आणि तपासणीचा अहवाल 'पिण्यायोग्य' असा आला होता. त्यांनी घोट घेतला, तीन दिवस घरी झोपून काढले, परत आल्यावर स्वतःचं डॉक्टरी सर्टिफिकेट त्या अहवालाला टाचलं आणि फाइल वर पाठवली. आठवड्यात पाइप बदलला गेला. "यांचं पोट म्हणजेच आपली लॅब," गावडे मॅडम म्हणाल्या.

शब्दांच्या बाबतीतही त्यांचे हट्ट होते. 'संबंधितांस कळविले' असा शेरा मी लिहिला की ते विचारत, संबंधित म्हणजे कोण, त्याचं नाव काय, तो बसतो कुठे, त्याला कधी कळवलं आणि तो काय म्हणाला. पाचही उत्तरं मिळेपर्यंत शेरा परत. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द त्यांच्या टेबलावर चालतच नसत. पुढे मी ती नोकरी सोडून वर्तमानपत्रात गेले. तिथे मुख्य उपसंपादकांनी पहिल्या आठवड्यात जे शिकवलं, ते मला आधीच येत होतं.

मी रुजू झाले त्याच वर्षी कार्यालयात नवे साहेब आले. तरुण, शांत, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी केबिनमध्ये मोठी स्क्रीन लावली. प्रत्येक विभागाचा एक चौकोन. सात दिवसांच्या आत तक्रारी बंद होत असतील तर हिरवा, रेंगाळत असतील तर पिवळा, त्यापुढे लाल. सोमवारी सगळ्यांनी त्या स्क्रीनसमोर बसायचं. आमचा चौकोन लाल होता. सात दिवसांतले तीन तर घोटासाठीच जात.

साहेबांना त्यांच्याबद्दल आकस नव्हता. एका सोमवारी त्यांनी समजावून सांगितलं, की पद्धत चांगली आहे, पण ती पूर्ण शहरासाठी मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याचा जाब मला वर देता येत नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, हिरवं झाल्यावर पाणी येतं काय?" कुणी हसलं नाही. त्या बैठकांत कुणी हसत नसे. आपला चौकोन सुटला की प्रत्येक जण मान खाली घालून पुढच्याचा चौकोन यायची वाट बघे.

शेवटी मुदत मिळाली. महिनाअखेर चौकोन लाल राहिला तर विभागाचा चार्ज दुसऱ्याकडे जाणार आणि ते तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. निवृत्तीला त्यांना वर्ष उरलं होतं. तिथे गारवा असतो, एवढंच ते म्हणाले. माझं प्रोबेशनही त्याच महिन्यात संपत होतं. कायम करायचं की नाही हे त्यांच्या अहवालावर आणि साहेबांच्या सहीवर ठरायचं, आणि लाल विभागातल्या प्रोबेशनरला साहेब कायम करतील असं कुणालाच वाटत नव्हतं. चेंबूरला घरी वडील कायम झाल्याच्या कागदाची रोज चौकशी करत.

त्या महिन्यात हेडक्लार्क गावच्या जत्रेला पाच दिवस रजेवर गेले.

एक नियम होता आणि बाकीचे विभाग त्याच्यावर जगत. तक्रारदाराला तीन वेळा फोन करून तो उचलला गेला नाही, तर तो समाधानी आहे असं धरून तक्रार बंद करता येई. बंद करण्याचा अधिकार फक्त हेडक्लार्कच्या लॉगिनला. त्यांचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहिलेला होता, कारण तो त्यांच्या लक्षात राहत नसे. मी फोन खरोखर केले. तीन दिवस, प्रत्येकाला रोज एक, खिडकी दोनला बंद झाली की चारपर्यंत. ज्यांनी उचलले नाहीत त्यांच्या त्रेचाळीस तक्रारी मी हेडक्लार्कच्या लॉगिनने बंद केल्या. शुक्रवारी आमचा चौकोन हिरवा झाला. साहेब पहिल्यांदाच आमच्या टेबलापाशी येऊन छान म्हणाले.

"काय गं, पाणीखातं हिरवं?" साहेब गेल्यावर गावडे मॅडम म्हणाल्या. "शेवाळ धरलं वाटतं."

ते सोमवारी रजेवरून आले. जत्रेचं खाजं सगळ्या टेबलांवर वाटलं, मग संगणक उघडला. त्रेचाळीस तक्रारींची यादी छापून घेतली, वही काढली आणि एकेका नावापुढे पेन्सिलने वेळ लिहीत गेले. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"बाय, फोन कधी केलंस?"

"दोन ते चार. खिडकी बंद असते तेव्हा."

त्यांनी यादी माझ्याकडे फिरवली. त्रेचाळीसपैकी एकतीस नावं भांडुपच्या एकाच टेकडीवरची होती. एकतिसांपुढे एकच वेळ होती: अडीच ते पावणेचार.

"पाण्याच्या वेळेक फोन कोण उचलता गो?" ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला टेकडीवर नेलं. पायऱ्या चढताना ते दर वळणावर थांबत आणि तिथल्या नळाची वेळ सांगत. यादीतलं पहिलं नाव शेलार मावशींचं होतं. मधल्या चढावर त्यांचं एका खोलीचं घर, दारात त्यांचा नळ. महिना झाला, तो कोरडा होता, म्हणून त्या खालच्या सार्वजनिक नळावर रांग लावत. फोन तेव्हा घरात टीव्हीवर ठेवलेला असे. तीनदा वाजून गेल्याचं त्यांना नंतर दिसलं. मग मेसेज आला, की तुमची तक्रार सोडवली आहे, अनुभव कसा वाटला ते कळवा. खाली पाच तारे.

"मी पाचही दाबले," मावशी म्हणाल्या.

पाणी आलं नसताना का दाबले, असं मी विचारलं.

"आलं नव्हतं म्हणूनच ना. कमी दाबले असते तर तुम्ही रागावून अजून उशीर केला असता."

पोर्टलवर ती नोंद 'अत्युत्तम सेवा' अशी झाली होती. त्यांनी पिशवीतून पेला काढला, कोरड्या नळाखाली धरला, चावी पूर्ण उघडली, थोडा वेळ थांबले आणि रिकामा पेला पुन्हा पिशवीत ठेवला. मावशींनी चहा विचारला. पाण्याची अडचण आहे, ते म्हणाले, पुढच्या वेळी घेऊ.

उतरताना त्यांनी सांगितलं, की त्रेचाळीसही तक्रारी पुन्हा उघडायच्या. मी उघडायच्या, माझ्या लॉगिनने. उघडण्याआधी प्रत्येकाला त्याच्या पाण्याची वेळ टाळून फोन करायचा आणि आपण काय केलं ते सांगायचं. मी विचारलं, माझ्या अहवालाचं काय होईल.

"खरं असेल ते लिहीन," ते म्हणाले.

ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

फोनना तो आठवडा गेला. काही जणांनी शिव्या दिल्या. एका आजोबांनी मला समजावलं, की चुका होतात, पोरी, पण पाणी कधी येणार ते बोल. पुन्हा उघडलेली तक्रार स्क्रीनवर दुप्पट मोजली जाई. चौकोन आधीपेक्षा लाल झाला.

पुढच्या सोमवारी साहेबांनी बैठकीत तारखा वाचून दाखवल्या. तक्रारी बंद झाल्या तेव्हा लॉगिनचा मालक रजेवर होता. हे कसं?

"लॉगिन माझं," ते म्हणाले. "पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवणारा मी. जबाबदारी माझी."

मी त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर होते. गावडे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या फाइलकडे. मी बोलले नाही. बोलायला वेळ नव्हता असं नाही. साहेबांनी खोलीभर नजर फिरवून 'आणखी कुणाला काही सांगायचंय का' असं विचारलंही होतं.

गुरुवारी आदेश निघाला: रेकॉर्ड रूम.

चार्ज देण्याच्या दिवशीही ते साडेदहापर्यंत बाकावर होते. मग आत येऊन त्यांनी एकतीस उघड्या तक्रारी समोर मांडल्या आणि पाठकोऱ्या कागदावर टेकडीचा रस्ता काढून घरं दाखवली. सगळी एका वळणाच्या वरची होती. वेगवेगळ्या बंद केल्या तेव्हा हे दिसत नव्हतं. त्यांनी गावडे मॅडमना विचारलं, या वळणावर काँक्रीट कधी झालं.

"दिवाळीनंतर. मुदतीच्या आधी," मॅडम म्हणाल्या. "ते माझं हिरवं आहे हं, हात लावू नका."

"तिथं व्हॉल्व्हची तीन झाकणं होती, मॅडम. आता किती आहेत?"

मॅडमनी फोन लावला. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याने सांगितलं, की दोन आहेत. तिसरं झाकण नव्या रस्त्याखाली गेलं होतं. तो महिनाभर उरलेले दोन व्हॉल्व्ह फिरवत होता. त्याने हे रस्त्याच्या मुकादमाला सांगितलंही होतं, मुकादम म्हणाला तक्रार नोंदव. कार्यालयातल्या माणसाने कार्यालयाकडे तक्रार कशी नोंदवायची ते त्याला माहीत नव्हतं. मॅडमनी फोन ठेवला. नवा रस्ता फोडला की त्यांचा चौकोन लाल होणार होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "माझंही हिरवं घाला तुमच्या पाण्यात."

चार्जच्या यादीत संगणक, प्रिंटर, शिक्के आणि खुर्च्या होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं: पाण्याच्या वेळांची वही, एक. ही सरकारी मालमत्ता नाही, असं म्हणून आस्थापनेच्या कारकुनाने ती ओळ खोडली. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मग ही हिका दिली."

रस्ता फोडायची परवानगी यायला तीन आठवडे लागले. त्या दरम्यान साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझा अहवाल होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"'माझ्या रजेत हिने त्रेचाळीस तक्रारी पाणी न येता बंद केल्या. नियमात बसवून केल्या. कळल्यावर त्याच त्रेचाळीस स्वतः उघडल्या, प्रत्येकाला फोन करून चूक सांगितली, शिव्या ऐकून घेतल्या. शेरे स्पष्ट लिहिते. कायम करावी.'"

खाली सही आणि तारीख. तारीख बैठकीच्या आदल्या शनिवारची होती. म्हणजे सोमवारी ते जबाबदारी घेत होते तेव्हा खरं काय ते बंद पाकिटात आधीच पोहोचलेलं होतं. साहेबांनी ते त्या दिवशीच उघडलं की नंतर, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"खरं आहे?"

"हो," मी म्हटलं. "बैठकीत मी सांगायला हवं होतं."

साहेबांनी वही मागितली. मी ती टेबलावरून आणून दिली. अर्धा तास ते पानं उलटत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, साहेबांच्या स्वतःच्या आईच्या गल्लीपुढे सव्वापाच लिहिलंय, ते बरोबर आहे, पण यांना कसं कळलं. बहुतेक बाकावर, मी म्हटलं. मग त्यांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एकावर माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं होतं. दुसऱ्यावर, यापुढे तक्रारदारांना फोन त्यांच्या पाण्याच्या वेळा टाळून करावेत, असा आदेश होता. पहिला कागद मला तेव्हाही योग्य वाटला. रेकॉर्ड रूमचा आदेश मात्र त्यांनी मागे घेतला नाही. पासवर्ड भिंतीवर होता हे खरंच होतं.

टेकडीवरचा रस्ता फुटला, झाकण सापडलं, व्हॉल्व्ह मोकळा झाला. तिसऱ्या दिवसाच्या आधी मी तळघरात गेले. ते जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांवर गावांची आणि गल्ल्यांची नावं लिहीत बसले होते. मी पेला मागितला. त्यांनी दिला नाही. ज्याने त्याने आपला न्यायचा, म्हणाले.

मी घरून स्टीलचा पेला घेतला. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला शेलार मावशींच्या दारातला नळ धो धो वाहत होता. मावशी हंड्यापाठोपाठ कळशी लावत होत्या. मी मध्येच पेला धरला, घोट घेतला आणि तिथूनच रेकॉर्ड रूमला फोन लावला.

"पाणी इला?" पलीकडून पहिला प्रश्न.

"आलं. तिसरा दिवस आहे."

"घोट घेतलंस?"

"घेतला. थोडी माती लागते."

"माती बसतली. बंद कर तक्रार."

मावशींना फोन कुणाचा ते कळलं होतं. हंडा बाजूला सरकवत त्यांनी मागून विचारलं, की आता मेसेज आला तर किती तारे दाबू. मी तोच प्रश्न फोनवर विचारला.

"तिका सांग, हंडो भर आधी," ते म्हणाले. "आणि बाय, तूही फोन ठेव. पाण्याची वेळ आसा."